वजनावर घेतलेला कोट

शनिवारी सकाळी आजोबांनी बायकोचं कपाट उघडलं आणि दार धरून तसेच उभे राहिले. आत घरात घालायचे दोन झगे होते, एक विटलेली शाल होती, आणि बाकी सगळे रिकामे हँगर. वाऱ्याने ते एकमेकांवर आपटून टकटक वाजले.

"अगं, कपडे कुठे गेले तुझे?"

"दिले," पलंगावर बसून शेंगा सोलता सोलता आजी म्हणाली. भाजी संपली हे जितक्या सहज सांगावं, तितक्या सहज तिने सांगितलं. "मागच्या आठवड्यात ती जुने कपडे गोळा करणारी मंडळी आली होती ना, पोती घेऊन. तुम्ही बाजारात होतात. तीन पोती भरली."

"आणि तो चांगला कोट?"

"चांगला होता म्हणूनच दिला. फाटका कोण घेतंय?"

आजोबा पलंगाच्या कडेला टेकले. तो कोट काढायचा, झटकायचा, खिडकीत उन्हाला लावायचा आणि आजीच्या डोळ्यांसमोर दिवसभर लटकत ठेवायचा, असा त्यांचा बेत होता. उद्या दुपारी चारला नातीच्या शाळेत कार्यक्रम होता. दहा वर्षांची पोर भरल्या सभागृहात एकटी उभी राहून गोष्ट सांगणार होती. आणि इकडे आजी सात महिने झाले, तिसऱ्या मजल्यावरच्या या घरातून खाली उतरली नव्हती. बटाट्यांची पिशवी घेऊन वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडली, कंबरेचं हाड मोडलं. ते जुळलंही. डॉक्टर दर खेपेला म्हणायचे, हाड आता माझ्या हाडापेक्षा पक्कं आहे, काठी घ्या आणि चालू लागा. घरात आजी चालायची. जिन्याचा विषय निघाला की मात्र तिला नेमकं काहीतरी शिजायला टाकलेलं आठवायचं.

"कोणता गं तो कोट?" आजोबांनी विचारलं. "राखाडी ना?"

आजीने शेंग हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. "राखाडी," ती म्हणाली. "हो, बरं."

"मग आता उद्या काय घालून येणार तू?"

"तेच म्हणते मी. घालायलाच काही नाही, म्हणजे यायचा प्रश्नच मिटला." आणि तिने शेंगांची टरफलं गोळा केली.

इतक्यात दारावर तीन थापा पडल्या. शनिवारच्या या थापा भिंगरीच्या. शाळेच्या पटावर तिचं काही वेगळं नाव होतं, पण एका जागी उभं राहणं तिला कधीच जमलं नाही, म्हणून घरात ती भिंगरीच. आई दवाखान्यात परिचारिका, बाप लांबच्या गाड्या चालवणारा. दोघांच्याही पाळ्या हटकून शनिवार-रविवारी. त्यामुळे आठवड्याचे हे दोन दिवस भिंगरी आजी-आजोबांची. आई तिला खालीच सोडून कामावर पळायची आणि भिंगरी तीन मजले एका दमात चढून यायची.

"आजी, मी गोष्टीचा शेवट बदललाय!" दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे. "आणि तू पहिल्या रांगेत बसायचंस. मी बाईंना सांगून खुर्ची धरून ठेवलीय."

आजीने चाळीस वर्षं बालवर्गाला शिकवलं होतं. मुलांना ओरडलेली ती कुणाला आठवत नव्हती. एकच अक्षर शंभरदा गिरवून घ्यायची आणि शंभराव्या वेळीही पहिल्यांदाच बघितल्यासारखं कौतुक करायची. भिंगरीला गोष्ट सांगायला तिनेच शिकवलं होतं. भिंगरी बोलायला लागली की समोर बसलेल्या आजीचे ओठ नकळत हलायचे, आणि त्या ओठांकडे बघत भिंगरी न अडखळता पार पैलतीराला जायची.

"मला घालायला काही नाही गं," आजी म्हणाली.

"एवढंच ना? मग आणू या की!"

आजोबा उठले. "चल," ते म्हणाले.

"नको उगाच," आजी म्हणाली, पण तोवर दोघं जिन्यात होते.

*

जुने कपडे विकायची जागा दोन गल्ल्या पलीकडे होती. पूर्वी तिथे बँक होती. आता काउंटरच्या जागी लांबच लांब टेबलं मांडून त्यांवर कपड्यांचे ढीग घातलेले असायचे. लोकांनी दिलेले कपडे तिथे धुऊन, वाळवून, वजनावर विकत. त्यातून मुलांच्या वाचनालयाचं गळकं छप्पर दुरुस्त होणार होतं. दाराशी तराजू घेऊन एक बाई बसायच्या, केसांत पेन्सिल खोचलेली. त्यांना सगळे तराजूवाल्या बाई म्हणत.

कपडे हा आजोबांचा प्रांत नव्हे. त्यांनी एकतीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज सहाशे माणसांचं जेवण रांधलं. अंगात पांढरा सदरा, कमरेला पांढरं फडकं, बाकी जगात कोण काय घालतं याच्याशी त्यांना कधी कर्तव्य नव्हतं. पण वजनावर काही मिळतं म्हटल्यावर त्यांच्या अंगात उत्साह संचारला. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि कोटांच्या रांगेत शिरून एकेक कोट हातात घेऊन तोलायला, दाबायला सुरुवात केली.

"आजोबा," तराजूवाल्या बाई तिथूनच ओरडल्या, "कोट दाबून काय बघताय? कलिंगड आहे का ते?"

"कोबी," आजोबा म्हणाले. "कोबी हातात घेतला की कळतो. दिसतो त्यापेक्षा जड लागला पाहिजे, आणि दाबला की परत फुलला पाहिजे. कापडाचं काही वेगळं नसणार."

"मग कापून बघू नका म्हणजे झालं!"

भिंगरीला राखाडी कोट शोधायचं काम दिलं होतं. ती टेबलाखालून, माणसांच्या पायांमधून फिरून आली. राखाडी तीन निघाले. पहिला आजोबांनी उचलून बघताच खाली ठेवला: "हलका आहे, पाणी जास्त." दुसरा खरखरीत लागला. तिसरा भिंगरीच्या मते पोलिसांचा होता.

मग आजोबांच्या हाताला एक कोट लागला. ते दुसरीकडेच बघत होते, हात आपला सवयीने चाचपत पुढे चालला होता, आणि तो तिथे थांबला. त्यांनी कोट बाहेर ओढला. शिजलेल्या बिटाच्या रंगाचा, गुडघ्यापर्यंत येणारा, चार मोठी बटणं. त्यांनी दाबला. फुलला. पुन्हा दाबला.

"हा," ते म्हणाले.

"पण राखाडी नाहीये."

"नसू दे."

"आणि आजीला बसेल का? माप काय आहे आजीचं?"

हा प्रश्न अवघड होता. आजोबा विचारात पडले. मग त्यांनी कोट खुंटीला अडकवला, त्याच्या शेजारी उभे राहिले, आणि रस्त्याने चालताना बायकोच्या खांद्यावर टाकावा तसा हात त्याच्या खांद्यावर टाकला. जरा सरकवला. "हं. माझा हात इथे येतो. बरोबर आहे माप."

बाजूला मोजे निवडणाऱ्या दोन बायका तोंडाला हात लावून हसल्या. तराजूवाल्या बाई हसल्या नाहीत; त्या जरा जास्तच वेळ आपली पेन्सिल शोधत राहिल्या.

भिंगरीने स्वतःसाठी एक पिवळा स्वेटर शोधला होता, इतका मोठा की बाह्यांमधून बोटंही दिसेनात. "आजी कमी करून देईल," ती म्हणाली.

"एक किलो सहाशे ग्रॅम," कोट तराजूत टाकण्याआधी आजोबा म्हणाले.

काटा एक किलो सहाशे वीसवर थांबला. आजोबांनी मान हलवली. "बटणांचं वजन धरलं नव्हतं मी."

*

संध्याकाळी स्वयंपाकघरात कणीक भिजवणं चाललं होतं. शाळेने प्रत्येक घरून "थोडंसं काहीतरी खायला" आणायला सांगितलं होतं. हे "थोडंसं" आजोबांना कधीच उमगलं नव्हतं. त्यांचा हात सहाशे माणसांच्या हिशेबाचा. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी चिमूट म्हणून मीठ घेतलं की मूठभर यायचं, आणि दोघांसाठी केलेलं सूप बुधवारपर्यंत पुरायचं. आता परातीत छोट्या पावांसाठी भिजवलेल्या पिठाचा एवढा मोठा गोळा होता की भिंगरी कोपरांपर्यंत त्यात बुडाली होती.

"किती पाव होतील आजोबा?"

"होतील पंचवीस-तीस."

"शंभर," खुर्चीवरून आजी म्हणाली. पिवळ्या स्वेटरची बाही तिच्या मांडीवर होती, तोंडात दोरा होता. "कारखान्याचा भोंगा बंद झाला, पण यांच्या डोक्यात अजून वाजतोय."

"आलं-गेलं कुणी..." आजोबा म्हणाले.

"कारखान्यातून कुणी येणार आहे का?"

भिंगरीला हसू आवरेना. आणि मग तिला धीर धरवेना. पिठाचे हात तसेच ठेवून ती जागच्या जागी उड्या मारत म्हणाली, "आजोबा, आता दाखवा ना!"

आजोबांनी हात धुतले, पुसले, आणि कागदात गुंडाळलेलं पुडकं आजीच्या मांडीवर ठेवलं. आजीने कागद उघडला. कोट बघितला. कॉलर बघितली, बटणं बघितली. मग तिने कोट उलटा करून डाव्या काखेखालचं अस्तर उलगडलं, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला, आणि तिथलं काहीतरी बोटाने चाचपलं.

"कुठून आणलात?"

"वजनावर. का? आवडला नाही? राखाडी मिळाला नाही म्हणून, पण कापड बघ, हात लावून बघ."

आजीचे खांदे हलायला लागले. आधी आजोबांना वाटलं ही रडतेय. मग तिने मान वर केली. ती हसत होती. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, आणि एका हाताने कंबर धरून दुसऱ्या हाताने अस्तर दाखवत होती. बिटाच्या रंगाच्या अस्तरावर निळ्या दोऱ्याची बोटभर शिवण होती.

"घरात लाल दोरा नव्हता," तिला जेमतेम बोलता आलं. "म्हणून निळ्याने शिवलं होतं मी. अहो, हा माझाच कोट आहे!"

भिंगरी किंचाळली आणि जमिनीवर लोळली. आजोबा कोटाकडे बघत राहिले.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आजी डोळे पुसत म्हणाली. "चौदा वर्षं हा कोट घालून तुमच्या शेजारून चालले मी. चौदा वर्षं! आणि म्हणे राखाडी."

"म्हणजे माझी निवड चुकली तर नाही," आजोबा म्हणाले. त्यांचे कान मात्र कोटाच्या रंगाचे झाले होते.

"आजोबांनी खुंटीवर टांगून त्याच्या खांद्यावर हात टाकला," जमिनीवरून भिंगरीने चहाडी केली. "सगळ्यांसमोर! म्हणाले, माझा हात इथे येतो."

आजीचं हसू हळूहळू थांबलं. तिने कोट नीट सुलटा केला आणि मांडीवर पसरला.

आजोबांना वाटलं, हीच वेळ. "मग घालतेस ना उद्या?"

"कोट परत आला म्हणून पाय परत येत नाहीत हो."

"मग दिलास तरी कशाला? इतका आवडता होता तर?"

आजीने मांडीवरच्या कोटाची एक सुरकुती हाताने साफ केली. भिंगरी उठून बसली. मोठी माणसं खरं बोलायला लागली की मुलांना ते बरोबर कळतं.

"मला वाटलं, आता कशाला लागतोय," आजी म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना."

"मी? मी कधी म्हणालो?"

"रोज म्हणता. दूध आणायचंय, तू बस, मी आहे ना. दोरा आणायचाय, तू बस, मी आहे ना. पाण्याचा पेला उचलला तरी, अगं थांब, मी आहे ना. प्रेमाने म्हणता, मला काय कळत नाही? पण दर 'बस'ला एक पायरी कमी होत गेली. पहिल्या महिन्यात मला रस्ता दिसायचा. मग फक्त जिना दिसायला लागला. आता दाराबाहेरची चटई दिसली तरी छातीत धडधडतं." तिने कोटाचं बटण फिरवलं. "एकदा उतरले होते मी. तुम्ही बाजारात गेला होतात. सहा पायऱ्या. सातवीला पाय उचलेना. तिथेच बसून राहिले. मग बसल्या बसल्या एकेक करत वर आले, आणि तुम्ही आलात तेव्हा चहा ठेवत होते."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?"

काय म्हणालो असतो, ते आजोबांना पक्कं ठाऊक होतं. 

त्यांनी परातीवर ओलं फडकं टाकलं. पीठ फुगायला वेळ लागतो. घाई केली तर पाव दगड होतो, हे त्यांनी कॅन्टीनमध्ये कितीतरी जणांना शिकवलं होतं. पण फुगायला लागलेल्या पिठावर कुणी झाकण दाबून धरलं तर काय होतं, हे कधी शिकवायची वेळ आली नव्हती. तसं कोण करतं?

*

रविवारी सकाळी आजोबा लवकर उठले आणि चहाचा कप घेऊन सवयीने पलंगाकडे निघाले. अर्ध्यात थांबले. मागे फिरले, कप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि स्वतः खुर्चीत अवघडून बसले. पाहुण्यांच्या घरी बसावं तसे.

आजी काठी टेकत आली. कपाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि बसली. "तब्येत बरी आहे ना?" तिने विचारलं.

"उत्तम."

त्यांनी गाजरं, कांदे, बटाटे आणि सुरी तिच्यापुढे सरकवली. सुपासाठी. आजीने चिरायला घेतलं. भिंगरी पिठाचे गोळे वळत होती. आजोबा लिंबाएवढे करून दाखवत आणि ती चेंडूएवढे करत होती. सगळं छान चाललं होतं. मग आजीने मान वर केली. "मसूर कुठे ठेवलेत?"

"वरच्या फळीवर. तू बस, मी आहे..."

"आजोबा!" भिंगरी ओरडली. "म्हणालात! परत म्हणालात!"

"कुठे? अर्धंच म्हणालो."

"अर्धं पण चालणार नाही." भिंगरीने इकडेतिकडे पाहिलं, भांड्यातून लाकडी चमचा उचलला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. "हा दातांत धरायचा. म्हणजे बोलता येणार नाही."

"आमच्या वर्गात असं नव्हतं हं," आजी म्हणाली, पण तिच्या डोळ्यांत गंमत होती.

आणि सहाशे माणसांना जेवू घातलेला आचारी आपल्याच स्वयंपाकघरात चमचा दातांत धरून उभा राहिला. आजी उठली. काठी भिंतीला टेकवली. एक हात ओट्यावर, दुसरा फळीकडे. टाचा उचलल्या. आजोबांचे दोन्ही हात आपोआप पुढे गेले, आणि त्यांनी ते पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले. चमच्यात त्यांचे दात रुतले. डबा सरकला, डगमगला, आणि आजीच्या हातात आला. तिने तो टेबलावर ठेवला आणि जरा धापा टाकत म्हणाली, "खूप वर ठेवता हो तुम्ही सगळं."

आजोबा चमचा दातांत तसाच ठेवून काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणताहेत?"

"खाली ठेवीन म्हणतात," भिंगरीने भाषांतर केलं.

दुपारपर्यंत मीठ, तेलाची बाटली, जाड फडकं आणि दोन वेळा पाणी, सगळं आजीने स्वतः आणलं. चमच्यावर दातांच्या दोन रांगा उमटल्या. सूप उकळून खाली उतरलं; ते ऐंशी माणसांचं झालं होतं. पाव एकशे चार झाले. भिंगरीने दोनदा मोजले आणि तीन खाल्ले.

दोन वाजता पहिल्या मजल्यावरचा पोस्टमन पातेलं न्यायला आला. त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. पातेलं बघून त्याने टोपी मागे सरकवली. "आजोबा, हे पार्सल कुणाच्या नावाने? अख्ख्या गावाच्या?"

"शाळेच्या. सांडू नकोस."

"आजवर एक पत्र सांडलं नाही मी," पोस्टमन म्हणाला आणि पातेलं छातीशी धरून पुढे झाला.

आजी कोट घालून आली. चारही बटणं लावलेली, केस नीट विंचरलेले. उंबऱ्याच्या आत ती थांबली. ती चटईकडे बघत होती.

"आजी, अजून दोन तास आहेत," भिंगरी म्हणाली. शाळा आठ मिनिटांवर होती. "आपल्याला घाई नाही. तू मला शिकवलंस ना, मोठं वाक्य आलं की मध्ये श्वास घ्यायचा. तसंच करू. चार पायऱ्या, मग श्वास."

"तीन," आजी म्हणाली.

"बरं, तीन."

आजोबा बाहेर, जिन्याच्या तोंडाशी, पावांची टोपली घेऊन उभे होते. आजीने उजव्या हातात काठी घेतली. डावा हात कठड्यावर ठेवला. मग तिने त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत त्यांचा हात मागितलेला होता. आजोबांना ते इतकं स्पष्ट दिसलं की टोपली खाली ठेवायला ते वाकलेसुद्धा. एकदा धरला की तळापर्यंत धरावा लागेल, आणि उद्या पुन्हा. आणि मग ज्या दिवशी हा हात नसेल, त्या दिवसापासून ही बाई कायमची तिसऱ्या मजल्यावर.

ते सरळ झाले. वळले. तिच्याकडे पाठ करून ते पहिली पायरी उतरले.

आयुष्यात त्यांनी उकळत्या तेलाच्या कढया उचलल्या होत्या, पण ही टोपली त्या सगळ्यांहून जड होती. दुसरी पायरी. तिसरी. मागे काहीच आवाज नव्हता. चौथी. मग काठीचं टोक दगडावर टेकलं. टक. त्यानंतर एक चप्पल. त्यानंतर दुसरी.

"श्वास," भिंगरीचा आवाज आला.

आजोबा चालत राहिले, अगदी सावकाश. सगळं शरीर कान झालं होतं. टक, चप्पल, चप्पल. सहावी. सातवीला आवाज थांबला. आजोबाही थांबले, पण वळले नाहीत. सातवीबद्दल त्यांना कालच कळलं होतं. खालच्या कुठल्यातरी घरात भांडं पडलं. मग टक.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पुन्हा शांतता झाली. इथेच ती पडली होती. या वेळी शांतता इतकी लांबली की आजोबांच्या पाठीवर घाम उतरला. मान वळवायला मानेचा एकेक स्नायू ओढ घेत होता. त्यांनी टोपलीवरच्या फडक्याकडे नजर लावली आणि पाव मोजायला लागले. एक, दोन, तीन. नऊवर आकडा हरवला, पुन्हा एकपासून.

"भिंगरी," वरून आजीचा आवाज आला, बारीक, "तू पुढे हो. मला कठड्याच्या बाजूने जागा दे."

"मी धरू का?"

"नको. तू बघ फक्त."

टक. चप्पल. बराच वेळ. चप्पल.

आजोबांनी टोपली या हातातून त्या हातात घेतली. मग त्यांचे पाय त्यांना न विचारता जरा भराभर चालायला लागले. सुटका झाली की माणूस तसा चालतो. पाच-सहा पायऱ्या गेले असतील नसतील.

"अहो!" मागून आवाज आला, आणि हा आवाज बारीक नव्हता. चाळीस वर्षं बालवर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचलेला आवाज होता तो. "जरा सावकाश चाला की! मागे कुणी म्हातारं माणूस येतंय याची काही शुद्ध?"

"चुकलो," आजोबा म्हणाले. जिन्यात अंधार होता, त्यामुळे त्यांचा चेहरा कुणाला दिसला नाही, ते बरंच झालं.

खाली दाराशी पोस्टमन पातेल्यावर झाकण दाबून उभा होता. आजीला बघून त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि भिंगरीने ओठांवर बोट ठेवल्यावर मिटलं. आजी शेवटच्या पायरीवरून फरशीवर आली. फरशीवरून रस्त्यावर. तिथे ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. समोरच्या चांभाराने दुकानाचं दार हिरवं रंगवलं होतं. कोपऱ्यावरचं झाड छाटलं होतं. तिने सगळं एकदा बघून घेतलं, वर्गात हजेरी घ्यावी तसं, आणि तिचे ओठ किंचित हलत होते.

आजोबा टोपली घेऊन शेजारी आले. आता त्यांना तिचा चेहरा बघायची परवानगी होती, आणि त्यांनी तो बघितला. गाल लाल झाले होते. कपाळावर घाम होता. कोट तिला फार छान दिसत होता. हे चौदा वर्षांत कधी म्हणालो नाही, असं त्यांच्या मनात आलं.

"तुला हा रंग शोभतो," ते म्हणाले.

"कोणता रंग?" आजीने विचारलं.

"बिटाचा."

"आचारी तो आचारीच," ती म्हणाली, पण तिने कॉलर सारखी केली.

भिंगरी एका पायावर नाचत होती. "डावीकडून जाऊ या, डावीकडून जवळ आहे. आठ मिनिटं!"

आजीने डावीकडे बघितलं. मग उजवीकडे. उजवीकडचा रस्ता बागेला वळसा घालून, वाचनालयापुढून, बाजाराच्या मागून शाळेला जात होता. तिथून माणसाला वीस मिनिटं लागत. तिच्या चालीने किती लागली असती, कोण जाणे.

"उजवीकडून," ती म्हणाली, आणि कुणाची वाट न बघता काठी उचलली.

"अगं, सूप गार होईल," आजोबा म्हणाले.

"होऊ दे गार," आजी पुढे बघूनच म्हणाली.